अनुभवाची कसोटी
(गुरुदेव रानडे आणि साक्षात्काराच्या वाङ्मयाचे वाचन)

मराठी संतवाङ्मयाचे मूल्यमापन करणाऱ्यांत आडनावाने सारखे पण दृष्टीने अगदी भिन्न असे दोन रानडे होऊन गेले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या उत्कर्षावरील इंग्रजी ग्रंथात संतांच्या चळवळीकडे राष्ट्रीय जागृतीची पूर्वतयारी म्हणून पाहिले. गुरुदेव रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांनी १९३३ साली पुण्याहून प्रसिद्ध केलेल्या 'मिस्टिसिझम इन महाराष्ट्र' या ग्रंथात त्याच संतांना निराळाच प्रश्न विचारला. तुमच्यामुळे समाजाचे काय झाले, असे न विचारता त्यांनी विचारले : तुम्हांला प्रत्यक्ष काय दिसले, काय ऐकू आले, आणि ते खरे होते हे तुम्ही कशावरून जाणले?

पहिल्या प्रश्नावर मराठी टीकेने पुष्कळ लिहिले. इतिहासाचार्य राजवाडे यांचा संतांवरील रोष, गं. बा. सरदारांचा १९५० सालचा संतवाङ्मयाच्या सामाजिक फलश्रुतीवरील विवेचक ग्रंथ, आणि त्यानंतरची सर्व चर्चा याच दिशेने गेली. दुसरा प्रश्न मात्र भाविकांच्या वाट्याला टाकून टीकाकार मोकळे झाले. परिणाम असा की, ज्या अनुभवातून हे वाङ्मय निर्माण झाले असे ते स्वतः सांगते, त्या अनुभवाविषयी एक तर हात जोडायचे किंवा खांदे उडवायचे, एवढेच दोन मार्ग वाचकापुढे उरले. आम्हांस हे दोन्ही अपुरे वाटतात. म्हणून गुरुदेव रानड्यांच्या कसोट्या येथे नव्याने तपासून पाहाव्या, असा विचार आहे.

हा विषय या नियतकालिकाच्या वाचकांना आडवाटेचा वाटू नये. आमचे बहुतेक वाचक बदलीच्या निमित्ताने बंगळुरात आलेले. या शहरात ध्यानाचे वर्ग आणि योगाच्या संस्था यांची वाण नाही. कचेरीच्या कामाने शिणलेला माणूस पहाटे अर्धा तास डोळे मिटून बसू लागतो, आणि काही महिन्यांनी मिटल्या डोळ्यांपुढे निळसर ठिपका तरळतो, कानांत घंटेसारखा नाद घुमतो, पाठीच्या कण्यातून मुंगी चालल्यासारखे वाटते. तो एक तर घाबरतो, नाही तर फुशारतो. दोन्ही अवस्थांत त्याला सांगण्यासारखे मराठी वाङ्मयाजवळ काही आहे काय? आहे, असे आमचे मत आहे. मात्र ते कसे वाचावे हे ठरविले पाहिजे.

१

गुरुदेव रानड्यांचा जन्म ३ जुलै १८८६ रोजी जमखंडीस झाला. जमखंडी हे त्या काळी पटवर्धनांचे संस्थान. दरबारची भाषा मराठी आणि बाजारची कानडी. विद्यार्थिदशेतच त्यांना उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम मिळाले. भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४) हे देशस्थ ब्राह्मण, तर त्यांची परंपरा ज्यांच्यापासून आली ते निंबर्गी महाराज लिंगायत. मठ इंचगेरीस. उमदी आज सांगली जिल्ह्यात आहे, इंचगेरी आणि निंबर्गी कर्नाटकात. राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या त्याच्या कितीतरी आधी ही माणसे एका बाजूचे भजन दुसऱ्या बाजूस नेत होती. पुढे फर्ग्युसन आणि विलिंग्डन या महाविद्यालयांत अध्यापन, १९२७ पासून अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापकपद आणि शेवटी कुलगुरुपद, असा प्रवास करून ते होटगी–गदग लोहमार्गावरील निंबाळ या लहानशा स्थानकाजवळ येऊन राहिले, आणि तेथेच ६ जून १९५७ रोजी त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या मुख्य ग्रंथाची मांडणी आजही लक्ष वेधून घेते. ज्ञानेश्वरांचा मार्ग बुद्धिप्रधान, नामदेव आणि त्यांच्या समकालीनांचा लोकसत्ताक, एकनाथांचा समन्वयाचा, तुकारामांचा व्यक्तिनिष्ठ आणि रामदासांचा क्रियाप्रधान, अशी पाच प्रकरणे त्यांनी पाडली. या नावांविषयी वाद होऊ शकतो; परंतु संत म्हणजे एकाच सुरात गाणारा समुदाय नव्हे, प्रत्येकाच्या अनुभवाला त्याच्या स्वभावाचा रंग आहे, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे आधी कोणी मांडली नव्हती.

प्रस्तावनेत त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, साक्षात्कार म्हणजे ईश्वराचे साक्षात, मध्यस्थावाचून होणारे आकलन, अशी व्याख्या करून चमत्कार, भुतेखेते, गुप्तविद्या यांच्याशी त्याचे नाते तोडून टाकले. दुसरी, या आकलनाच्या खरेपणाची लक्षणे सांगितली. निरनिराळ्या काळांतील आणि देशांतील साधकांचे अनुभव एकमेकांशी जुळतात, ही सार्वत्रिकता. आणि त्याबरोबर साधकाची बुद्धी तीक्ष्ण होणे, भावना शुद्ध होणे व आचरण उन्नत होणे. साक्षात्कारी पुरुष बुद्धीने मंद असेल किंवा वर्तनाने सैल असेल, तर त्याच्या अनुभवाविषयी शंका घेण्यास वाचक मोकळा आहे, असे या विवेचनाचे तात्पर्य. श्रद्धावंताने स्वतःहून शंकेला दिलेली ही जागा आहे. तिच्यासाठी आम्ही रानड्यांस मोठे टीकाकार समजतो.

२

आता आक्षेप. पहिला आक्षेप सार्वत्रिकतेविषयी आहे. उपनिषदातला ऋषी, आळंदीचा योगी आणि स्पेनमधला ख्रिस्ती साधू हे तिघेही प्रकाश पाहिल्याचे सांगतात, म्हणून तो प्रकाश ईश्वराचा, हे अनुमान पुरेसे घट्ट नाही. तिघांनाही डोळे आहेत, मेंदू आहे, श्वास आहे. मिटल्या डोळ्यांवर बोटाने दाब दिला तरी कोणालाही रंगीत वर्तुळे दिसतात. त्यात देशभेद नाही, धर्मभेद नाही. अनुभव जुळतात यावरून मनुष्यदेहाची घडण सर्वत्र एक आहे एवढे नक्की सिद्ध होते. त्यापलीकडचे सिद्ध होण्यास आणखी काही लागते.

दुसरा आक्षेप वाचनाच्या पद्धतीविषयी. ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास यांच्या वचनांची 'वचनामृते' रानड्यांनी तयार केली. त्यांत ओव्या आणि अभंग मूळच्या जागेवरून उचलून विषयवार मथळ्यांखाली बसविले आहेत : नाम, गुरू, नीती, ध्यान, साक्षात्कार. साधकाच्या सोयीची ही रचना आहे. परंतु तुकारामांच्या बाबतीत तिने एक पेच निर्माण केला. १९५० साली सरकारने प्रसिद्ध केलेल्या गाथेत ४६०७ अभंग आहेत आणि त्यांतील कोणता आधी, कोणता नंतर, हे सांगणारे साधन गाथेत नाही. रानड्यांनी मात्र आर्ततेचे आणि निराशेचे अभंग आधी, साक्षात्काराचे नंतर असे लावून पाश्चात्त्य साधकांच्या अंधाऱ्या रात्रीशी त्यांची तुलना केली. चित्र अतिशय हृद्य आहे. पण ते तुकोबांनी रेखाटलेले नसून संपादकाने जुळविलेले आहे. वस्तुतः ज्याने देव पाहिला असे सांगितले त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी देव पाठमोरा झाल्याची तक्रार केली असेल, हेही तितकेच संभवनीय आहे, आणि आम्हांस तर ते अधिक मानवी वाटते. अनुभवाचा जिना चढून माणूस माडीवर पोहोचला आणि मग तेथेच राहिला, असे काव्य क्वचितच सांगते.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. काव्यातली प्रतिमा आणि साधकाचे निवेदन यांत भेद केला पाहिजे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातले कुंडलिनीचे वर्णन घ्या. गीतेच्या त्या श्लोकांत आसन आहे, दृष्टीची स्थिरता आहे, मनोनिग्रह आहे. कुंडलिनीचा शब्दही नाही. ज्ञानेश्वरांनी नाथपंथाचे आपले धन तेथे आणून ओतले. शक्ती जागी होते, देहातील धातू ग्रासते, मग तोच देह नव्या कांतीने उजळतो. हे वर्णन शके १२१२ मध्ये मराठीला मिळाले, आणि त्या एका प्रकरणात भाषेचे सामर्थ्य किती वाढले याचा हिशेब करणे कठीण. परंतु हे निवेदन आहे की रूपक? रानडे बहुधा निवेदन म्हणून वाचतात. निव्वळ साहित्याचा टीकाकार रूपक म्हणून वाचतो. आमच्या मते उत्तर ज्ञानेश्वरांनीच दिले आहे, पण ते सहाव्या अध्यायात शोधून मिळत नाही. बाराव्या अध्यायात तेच ज्ञानेश्वर या खडतर वाटेचे कष्ट सांगून भक्तीची वाट सोपी आणि पुरेशी असल्याचा निर्वाळा देतात. 'अमृतानुभवा'त तर योगाच्या पायऱ्यांना जवळजवळ स्थानच नाही; आत्मा कोणत्याही प्रमाणाने सिद्ध होण्याची वाट पाहत नाही, हा त्या ग्रंथाचा रोख आहे. म्हणजे ज्या कवीने कुंडलिनीचे सर्वांत समृद्ध वर्णन केले, त्याने तिला शेवटचा शब्द मानले नाही. एका अध्यायावरून मत बनविणाऱ्या वाचकाच्या हातून हे निसटते.

चांगदेवाची कथा याच संदर्भात पाहावी. कथेतला चांगदेव सिद्धींनी संपन्न, वयाने चौदाशे वर्षांचा. आणि त्याला पत्राचा मायनाही सुचत नाही, म्हणून कोरा कागद पाठवितो. त्या कोऱ्या कागदाचे उत्तर म्हणजे पासष्ट ओव्या, आणि त्याचा गुरू होते ती लहानगी मुक्ताबाई. कथा ऐतिहासिक आहे की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. मराठी मनाने ती जतन केली आणि तिच्यात सिद्धीला कोरेपणाच्या शेजारी बसविले, हे महत्त्वाचे.

३

प्राचीन योगग्रंथ या बाबतीत भाविकांपेक्षाही सावध आहेत, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात योग्याला दिसणाऱ्या रूपांची यादी आहे : धुके, धूर, सूर्य, वारा, अग्नी, काजवा, वीज, स्फटिक, चंद्र. परंतु ही रूपे ब्रह्म आहेत असे उपनिषद म्हणत नाही. ती ब्रह्माच्या प्रकटीकरणापूर्वी पुढे येणारी आहेत असे म्हणते. मोठा अधिकारी दौऱ्यावर येण्याआधी चपराशी पोहोचतो. चपराशी आला म्हणजे साहेब येण्याचा संभव आहे. पण चपराशालाच साहेब समजून मुजरा करणाऱ्याची फजिती होते.

पतंजलीने चित्ताच्या विक्षेपांत व्याधी, संशय, आळस यांच्याच पंक्तीस भ्रांतिदर्शन बसविले आहे. विभूतिपादात नाना प्रकारच्या सिद्धींचे वर्णन करीत असतानाच, या सिद्धी समाधीच्या दृष्टीने अडथळे आहेत, असा इशाराही त्याने देऊन ठेवला. त्याच पादात पुढे आणखी एक मार्मिक सूचना आहे. उच्च स्थानांवर असलेल्या देवतांनी साधकाला आमंत्रण दिले, तरी त्याने आसक्ती धरू नये आणि 'स्मय'ही करू नये, म्हणजे त्याचा तोरा मिरवू नये. या देवतांना सूत्रकाराने 'स्थानी' म्हटले आहे. पदावर बसलेले, असा त्याचा सरळ अर्थ. पदस्थांच्या आमंत्रणाने माणसाचे काय होते हे आमच्या वाचकांना अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

हठयोगप्रदीपिकेने नादांचा क्रम दिला आहे : आरंभी समुद्र, मेघ आणि भेरी यांसारखे मोठे ध्वनी, मग शंख आणि घंटा, शेवटी किंकिणी, वेणू, वीणा आणि भुंगा. मोठ्याकडून सूक्ष्माकडे जावे, आणि अखेर नादच जेथे विरतो तेथे मन विरू द्यावे, असा तेथील उपदेश. नादांची ही यादी प्रमाणपत्रांसारखी गोळा करण्यासाठी नाही. ती प्रवाशाला दिलेल्या मैलाच्या दगडांची यादी आहे. दगडावर कोणी घर बांधीत नाही.

रानड्यांना हे सर्व माहीत होते. १९२६ सालच्या उपनिषदांवरील ग्रंथात श्वेताश्वतरातील या रूपांची चर्चा त्यांनीच केली आहे. रंग, आकार, प्रकाश आणि नाद अशी अनुभवांची वर्गवारी करण्याचा त्यांचा प्रयत्न तर या क्षेत्रात पायाभूत म्हणावा असा आहे. आमची तक्रार एवढीच की वर्गवारीच्या उत्साहात मैलाचे दगड कधी कधी मुक्कामाइतके मोठे दिसू लागतात.

४

या तक्रारीला स्वतः इंचगेरीच्याच घरातून दुजोरा मिळतो, आणि तो भाग आमच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. भाऊसाहेब महाराजांचे दुसरे एक शिष्य सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६). जन्म सोलापूर जिल्ह्यात, नोकरी विजापुरात. गुरूंनी नामध्यानाचा दीर्घ अभ्यास शिकविला होता. त्याला परंपरेच्या भाषेत पिपीलिकामार्ग म्हणतात, मुंगीची वाट. गुरूंच्या निधनानंतर सिद्धरामेश्वरांनी विहंगममार्गाचा, म्हणजे पक्ष्याच्या वाटेचा पुरस्कार केला. ऐकावे, विचार करावा, आणि स्थूल, सूक्ष्म, कारण व महाकारण हे चारही देह मी नव्हे असे ओळखून मोकळे व्हावे. या मार्गात प्रकाशाची आणि नादाची किंमत काय? दिसणारी वस्तू पाहणाऱ्याहून वेगळी असते; तेव्हा जे जे दिसले ते ते मी नव्हे, एवढीच.

एका गुरूचे दोन शिष्य. एक विद्यापीठातला पंडित, दुसरा पेढीवरचा नोकर. एकाने अनुभवांची साक्ष जमवून ईश्वराचे अस्तित्व मांडले. दुसऱ्याने अनुभव घेणारा कोण, एवढेच विचारले. आम्ही येथे पंचाची भूमिका घेत नाही. परंतु टीकाकाराला यातून एक धडा मिळतो : साक्षात्काराचे वाङ्मय हे एकमुखी नाही. त्याच्या आत वाद आहे, आणि तो वाद त्या वाङ्मयाच्या आरोग्याचे लक्षण आहे.

सिद्धरामेश्वरांचे शिष्य निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१). मुंबईत विड्यांचे दुकान चालविणारे हे गृहस्थ खेतवाडीतील आपल्या घराच्या माळ्यावर मराठीत बोलत, आणि ते बोलणे १९७३ साली 'आय ॲम दॅट' या नावाने इंग्रजीत आले. ते ज्यांनी आणले ते मॉरिस फ्रिडमन एके काळी याच बंगळुरात होते. पोलंडहून आलेले हे यहुदी अभियंते १९३०च्या दशकात म्हैसूर सरकारच्या येथील विजेच्या कारखान्यात अधिकारी होते. पुढे ते गांधीजींच्या सहवासात आले, औंध संस्थानात १९३९ साली आलेल्या स्वराज्याच्या घटनेच्या कामात त्यांनी हातभार लावला, रमण महर्षींना प्रश्न विचारले, आणि उतारवयात मुंबईच्या त्या माळ्यावर जाऊन बसले. सरकारी कारखान्याचा कारभार आणि आत्मविचार यांत मुळात वैर नाही, याचे हे उदाहरण बंगळुरातील अधिकाऱ्यांनी जवळ ठेवावे.

मात्र या कथेला एक खंतीची बाजू आहे. मराठीतून निघालेले हे बोलणे जगभर गेले ते इंग्रजी पोशाखात. पुष्कळ सुशिक्षित मराठी वाचकांनीही ते आधी इंग्रजीत वाचले. इंग्रजीतल्या एका शब्दात अनुभव, अनुभूती, प्रचीती, जाणीव, साक्षात्कार या सर्वांना दाटीवाटीने बसावे लागते. मराठीत यांच्या छटा वेगळ्या आहेत. अनुभव घडतो, प्रचीती येते, म्हणजे ऐकलेले खरे ठरते, जाणीव असते आणि नेणिवेशी तिची जोडी आहे, साक्षात्कारात 'साक्षात' म्हणजे डोळ्यांसमोर असण्याचा भाव आहे. 'गूढवाद' हा शब्द तर आमच्या टीकेत पुष्कळदा टिंगलीसाठीच वापरला गेला. गुरुदेव रानड्यांनीही आपला मुख्य ग्रंथ इंग्रजीत लिहिला, आणि त्यामुळे मराठी टीकेची या विषयातील परिभाषा घडायची राहून गेली. ही उणीव आजही भरून निघालेली नाही.

५

मग या वाङ्मयाचे वाचन कसे करावे? आमच्या मते एका स्त्रीने त्याचा उत्तम पाठ घालून दिला आहे. शिऊरच्या बहिणाबाई (१६२८–१७००) यांचे आत्मचरित्रात्मक अभंग म्हणजे मराठीतील अंतरानुभवाचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज होय. कोल्हापुरास असताना लहान वयाच्या बहिणेला एका वासराचा लळा लागतो. ती जयरामस्वामींच्या कीर्तनास जाऊ लागते. वैदिक वृत्तीचा नवरा संतापून तिला बांधून मारतो. वासरू मरते. ती कित्येक दिवस शुद्ध हरपून पडते, आणि त्या अवस्थेत, तिने कधी न पाहिलेले, देहूस त्या वेळी हयात असलेले तुकोबा स्वप्नात येऊन तिला मंत्र देतात.

आजचा वाचक येथे दोन तुकडे करू पाहतो : हे आजारपण, आणि हा साक्षात्कार. बहिणाबाई करीत नाही. मारही सांगते, शोकही सांगते, मूर्च्छाही सांगते आणि दर्शनही सांगते. कशालाही झाकत नाही, कशालाही मिरवीत नाही. दर्शन घडले म्हणून तिचा संसार सुटला नाही. नवऱ्याशी असलेला पेच तिने आयुष्यभर विचाराने सोडविला आणि त्यावर अभंग रचले. अनुभवाचे मोल त्याच्या उगमावरून नव्हे, तर त्यातून पुढे काय उगवले यावरून ठरवावे, असे विल्यम जेम्सने १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत म्हटले. उगम लपवून ठेवल्याशिवायही फळ दाखविता येते, हे बहिणाबाईने त्याआधी दोनशे वर्षे करून दाखविले. जेम्सने आणखी एक विवेक सांगितला : असा अनुभव ज्याला आला त्याच्यापुरता तो अधिकारी आहे, इतरांवर तो बंधनकारक नाही. आमच्या मते रानड्यांच्या कसोट्यांना ही पुरवणी जोडली पाहिजे.

अर्वाचीन काळातले याच जातीचे निवेदन काश्मीरच्या गोपी कृष्ण यांचे. हे सरकारी नोकर, रोज पहाटे ध्यान करून मग कचेरीस जाणारे. १९३७ च्या डिसेंबरात जम्मूस असताना कण्यातून तेजाचा प्रवाह मस्तकात चढल्याचा अनुभव त्यांना आला; आणि त्यानंतर आनंदाऐवजी दाह, निद्रानाश, भीती यांनी त्यांना मरणाच्या दारापर्यंत नेले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातील सिद्धान्त मान्य होवोत वा न होवोत, त्या यातनांचे सरळ वर्णन मोलाचे आहे. हा मार्ग सुखाचाच आहे असा समज पसरविणाऱ्या पुस्तकांपेक्षा असे एक पुस्तक साधकाच्या अधिक उपयोगी पडते.

विज्ञानाची साक्षही या शहरात आहे. १९५४ साली येथे स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि राज्याचे मनोरुग्णालय यांच्या एकीकरणातून १९७४ साली 'निम्हान्स' उभी राहिली, आणि ध्यान करणाऱ्यांच्या नाडीचे, श्वासाचे, मेंदूतील विद्युत्‌लहरींचे मापन तेथील संशोधकांनी केले. यंत्राला शरीराची अवस्था मोजता येते. त्या अवस्थेचा अर्थ मोजता येत नाही. म्हणून यंत्राने साक्षात्कार खोटा ठरत नाही आणि खराही ठरत नाही. परंतु झोप उडाली, खाणे तुटले, भीती बसली, कामावर लक्ष लागेनासे झाले, तर त्या माणसाने गुरूकडे जावे तसेच वैद्याकडेही जावे. पतंजलीने अडथळ्यांत पहिले नाव व्याधीचेच घातले आहे, हे विसरू नये.

६

आता गुरुदेव रानड्यांच्या कसोट्यांचे काय उरले, ते पाहू. सार्वत्रिकतेची कसोटी एकटी उभी राहत नाही. बुद्धीची आणि भावनेची कसोटी माणूस पारखते, अनुभव नव्हे. नीतीची कसोटीही तर्काच्या दृष्टीने ईश्वर सिद्ध करीत नाही. परंतु तिच्याजवळ एक असे सामर्थ्य आहे जे पहिल्या तिन्हींजवळ नाही : ती वाचकाला, शेजाऱ्याला, हाताखालच्या कारकुनाला, घरच्या माणसांना वापरता येते. मिटल्या डोळ्यांपुढे काय दिसले हे इतरांना पाहता येत नाही. डोळे उघडल्यावर तो मनुष्य कसा वागतो हे सर्वांना दिसते. निळा बिंदू पाहून उठलेला अधिकारी दारात ताटकळलेल्या अर्जदाराशी पूर्वीइतकाच तुसडेपणाने बोलत असेल, तर त्याच्या बिंदूचे आम्हांस कौतुक नाही. आणि ज्याला आयुष्यभर काहीच दिसले नाही, पण ज्याचा राग ओसरला, लोभ आखडला आणि दुसऱ्याचे दुःख ज्याला आधी दिसू लागले, त्याच्या साधनेत उणीव आहे असे म्हणण्याचे धाडस संतवाङ्मय वाचलेला कोणी करणार नाही.

ही कसोटी रानड्यांनीच दिली, आणि त्यांच्या वर्गवारीवर आम्ही घेतलेले आक्षेपही तिच्याच बळावर उभे आहेत. टीकाग्रंथाच्या मोठेपणाची एक खूण अशी की त्याच्याशी भांडण्याची हत्यारेही त्याच्याच पानांत सापडतात. या अर्थाने 'मिस्टिसिझम इन महाराष्ट्र' हा ग्रंथ अजून ताजा आहे. आणि तो प्रकाशित होऊन नव्वद वर्षे उलटून गेल्यावरही मराठी टीकेने त्याला द्यावयाचे उत्तर बाकी आहे.

शेवटी एक सूचना. रानड्यांनी हिंदी संतांवर १९५४ साली ग्रंथ प्रसिद्ध केला; कानडी संतांवरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९६० साली निघाला. बसवेश्वर, अल्लमप्रभू, पुरंदरदास, कनकदास यांना त्यांनी ज्ञानदेव-तुकारामांच्या शेजारी बसवून वाचले. ही बैठक त्यांच्या निंबाळात स्वाभाविक होती, आणि बंगळुरात नोकरी करणाऱ्या मराठी माणसालाही ती सहज शक्य आहे. शेजारच्या टेबलावरील कानडी सहकाऱ्याला अल्लमाचे एक वचन समजावून देण्यास सांगावे, त्याला अमृतानुभवातील एक ओवी समजावून द्यावी. दोघांनाही काय कळले नाही ते आधी कळेल. आणि या विषयात आरंभ तेथूनच होतो.